फुकटच्या वस्तूचा मालक

केदारखेड्याच्या तातेरावांची धाकटी लेक बेबीनंदा हिला किळस फार लवकर यायची. ती किळस माणसांची नव्हती. जालन्याच्या कॉलेजात मैमूना तिची मैत्रीण झाली, तर दोघी एका डब्यात जेवायच्या, एकाच बाटलीला तोंड लावायच्या. बेबीनंदाला किळस यायची ती लबाडीची. वजनात मारणारा दुकानदार दिसला की ती घेतलेलं सामान तिथंच ठेवून बाहेर पडायची. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या चालू असल्या की ती मान खाली घालून आपला पेपर पुरा करायची, पण त्या दिवशी तिला घास जायचा नाही. तातेराव म्हणायचे, "पोरी, एवढं नाजूक पोट घिऊन जगात कसं भागल तुजं?"

बी.एस्सी. झाल्यावर, दोन हजार सालच्या जूनमध्ये, तिला आणि मैमूनाला एकाच ठिकाणी नोकरी लागली. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत धर्मराज सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. आठ मशीन, दोन पंखे, आणि भिंतीवर परदेशातल्या कुठल्याशा पुलाचं मोठं चित्र. सर पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. वारं कुठून वाहतंय ते त्यांना बरोबर कळायचं. टाइपरायटर भंगारात घालून त्यांनी जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचा कोर्स काढला. जावातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ते शिकवायला ह्या दोघी होत्या.

मुलं प्रोग्राम लिहायची ते विंडोजबरोबर आलेल्या साध्या नोटपॅडवर. चाळीस ओळींत एक महिरपी कंस मिटायचा राहिला, तर तो शोधण्यात अख्खा तास जायचा. सरांना कुणीतरी औरंगाबादेत सांगितलं की ह्यासाठी वेगळा एडिटर मिळतो. त्यात शब्दांना रंग येतात, ओळींना नंबर असतात, कंसावर कर्सर नेला की त्याचा जोडीदार उजळतो. सरांनी सीडी आणली. आठही मशीनवर तो एडिटर चढला आणि वर्गात अगदी दिवाळी झाली. छापलेल्या पत्रकावर सरांनी त्याचं इंग्रजी नाव कोर्सच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत टाकलं.

तो एडिटर विकतचा होता. तीस दिवस वापरून बघा, आवडला तर पैसे भरा, असा त्याचा करार. एकतिसाव्या दिवशी उघडताना एक पाटी आली आणि हटेना. बेबीनंदाने किंमत बघितली. एका मशीनच्या परवान्याला तिचा तीन महिन्यांचा पगार लागला असता.

"सर, आठ न्हाई तर दोन तरी घेऊ," ती म्हणाली.

सर हसले. "विकत घ्यायला आपण काय अमेरिकेत राहून राह्यलो का? नेटवर त्याचं कुलूप उघडायचा नंबर भेटतो. याकूबच्या कॅफेत जा अन् घिऊन ये जल्दी. दोनची बॅच येती."

ती गेली. पुढं आयुष्यभर तिला ह्याचं आश्चर्य वाटत राहिलं, की ती निमूटपणे गेली.

याकूबभाईचा इंटरनेट कॅफे बसस्टँडजवळ होता. प्लायवूडच्या खोपट्यांना मळके पडदे, आत एक खुर्ची आणि मशीन. कीबोर्डच्या बटनांवर गुटख्याच्या बोटांचा लाल चिकट थर. सरांनी चिठ्ठीवर दिलेली साइट तिने उघडली आणि नंबराऐवजी नागड्या बायका समोर आल्या. एक खिडकी मिटली की तिच्यामागून दोन उघडायच्या. पलीकडच्या खोपट्यातला कुणी पार्टिशनवरून डोकावून फिदीफिदी हसला. तशातच खाली एका कोपऱ्यात नंबर दिसला. तो तिने वहीच्या पानावर उतरवला. एकेक आकडा उतरवताना तिला वाटत होतं की आपण गटारीत हात घालून नाणं काढतोय.

बाहेर आली तर याकूबभाई काउंटरवर मान खाली घालून उभे होते. "बेटी, वो साइटां बहुत गंदे हैं," ते म्हणाले. "तुमारे सरकू बोलो, खुद आके बैठो. तुमे नक्को आव."

तिने नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि सेंटरला गेली. नंबर चालला. पाटी गेली. पण तिच्या जागी, एडिटर उघडताना, "ह्यांच्या नावे नोंदलेला" म्हणून एक नाव येऊ लागलं. ते नाव कुलूप फोडणाऱ्या टोळीचं होतं, फुशारकीनं टाकलेलं, बाजूला कवटीचं चित्र. रोज चार बॅचेस, रोज आठ पडद्यांवर ते नाव.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कोण आहेत?"

"चोर," बेबीनंदा म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

मैमूनाने तिला जिन्यात गाठलं. "तू असं म्हणशील तर सर काढून टाकतील. सगळीकडं हेच चालतंय, बेबी."

"चालू दे. मला उलटीसारखं होतंय, त्याला मी काय करू?"

त्यावर उपायही मैमूनानेच आणला. तिचा भाऊ इस्माईल कॉम्प्युटरचं एक मासिक घ्यायचा आणि त्यासोबत सीडी यायची. एका सीडीवर एक एडिटर होता. दिसायला अगदी साधा, करड्या रंगाचा. पण तो कायद्याने फुकट होता. त्याच्या फोल्डरमध्ये परवान्याची फाइल होती. बेबीनंदाने ती डिक्शनरी घेऊन चार दिवसांत वाचून काढली. वापरा, वाटा, बदला, हवं तर विकाही, असं त्यात लिहिलं होतं. अट एकच. हा परवाना आणि करणाऱ्यांची नावं काढू नका. दुसऱ्या फाइलमध्ये ती नावं होती. अकरा माणसं, सात देशांतली.

"एवढं मोठं काम फुकट कशापायी देत असतील?" तिने मैमूनाला विचारलं.

"काय म्हाईत. पण कवटी न्हाई ना वर? मंग बस."

बेबीनंदाने आपल्या मशीनवर तो चढवला. विकतच्याइतका तो गुळगुळीत नव्हता, हे तिने कधी नाकारलं नाही. छपाईत गडबड करायचा, मदतीची पानं अपुरी होती, आणि जावाचे काही शब्द त्याला ओळखताच यायचे नाहीत. त्या शब्दांना रंग देणारी फाइल तिने स्वतःच बसून लिहिली. दीड महिना गेला त्यात. याकूबभाईंनी एव्हाना काउंटरशेजारी, बिनपडद्याच्या उघड्या जागी, एक मशीन मांडलं होतं. तिथून सकाळी उजेडाचं तिने ती फाइल एडिटरच्या मूळ कर्त्याला पाठवली. तो नॉर्वेतला कुणी म्हातारा शिक्षक निघाला. आठवड्याने त्याचं उत्तर आलं, आणि पुढची आवृत्ती आली तेव्हा नावांच्या फाइलमध्ये बारावी ओळ होती. बेबीनंदा तातेराव, जालना, भारत.

गावी जाताना तिने ते पान छापून नेलं. तातेरावांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी बोटाने ओळ दाखवायला लावली आणि म्हणाले, "माजं बी नाव घातलं का तू? बराबर केलं."

धर्मराज सरांना मात्र तो करडा एडिटर डोळ्यांसमोर नको होता. "फुकटचं ते फालतू. गिऱ्हाईक काय म्हनंल? सेंटरला ऐपत न्हाई म्हनंल." पण फेब्रुवारीत चोरीच्या एडिटरने आपला गुण दाखवला. सरांनी नव्या आवृत्तीसाठी कुठून तरी कुलूपफोड्या प्रोग्राम आणला आणि त्यातून व्हायरस शिरला. दोन दिवसांत आठांपैकी सहा मशीन आडवी झाली. मुलांचे प्रोग्राम गेले, परीक्षा तोंडावर. सर घामाघूम होऊन बेबीनंदाच्या मशीनपाशी आले. "तुजं ते फुकटचं टाक बाई सगळ्यांवर."

तिने टाकलं. परीक्षा निभावली. सरांनी मग तिच्याकडून सगळं नीट समजावून घेतलं. म्हणजे हा वाटता येतो? कितीही मशीनवर? बदलताही येतो? ती उत्साहाने सांगत गेली. परवान्याची फाइलसुद्धा तिने त्यांना वाचून दाखवली. सर मान डोलवत होते. तिला वाटलं, माणूस सुधारला.

त्या वर्षी सरांनी भोकरदनला आणि परतूरला शाखा काढल्या. नोव्हेंबरात भोकरदनच्या शाखेची परीक्षा घ्यायला बेबीनंदाला पाठवलं. तिथं तिने एक मशीन सुरू केलं. एडिटर उघडला तो हार घातलेला, कपाळाला टिळा लावलेला धर्मराज सरांचा फोटो घेऊन. खाली ठळक अक्षरांत, "धर्मराज एडिटर. निर्माते: प्रा. धर्मराज."

तिला आधी हसू फुटणार होतं. मग तिने मेनू उघडला. तोच करडा एडिटर. तीच बटनं, छपाईची तीच गडबड. रंगांची फाइल तिची, जशीच्या तशी, तिने एका शब्दात केलेल्या चुकीसकट. फोल्डरमध्ये परवाना नव्हता. नावांची फाइल नव्हती.

"हे कुठून आलं?" तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"सरांनी बनवलंय ना मॅडम. पुण्याच्या इंजिनिअरला हाताखाली घेऊन. त्याची फी वेगळी भरली आम्ही, नऊशे रुपये."

बेबीनंदा उठून मागच्या दाराने बाहेर गेली आणि भिंतीला धरून खरोखरच ओकली. मग तोंड पुसून आत आली, परीक्षा पुरी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीने जालन्याला परतली.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. सर बशीत चहा ओतत होते.

"सर, तुम्ही नावं काढली."

"कोनाची नावं?"

"ज्यांनी केलं त्यांची. बारा माणसांची."

"अगं, फुकट व्हतं का न्हाई? तूच वाचून दाखवलं मला. विकायची बी परवानगी हाय."

"हाय. नावं काढायची न्हाई."

सरांनी बशी तोंडाला लावून मोठा भुरका मारला. "हे बघ बेबीनंदा, विकतच्या वस्तूला मालक असतो. चोरीच्या वस्तूला बी असतो, तो पोलिसात जातो. फुकटच्या वस्तूला मालक न्हाई ऱ्हात. रस्त्यात पडलेली चीज, ज्यानं उचलली त्याची." मग तिच्या तोंडाकडे बघून ते जरा मऊ झाले. "तुला वाईट वाटून राह्यलं का? तुजं नाव टाकू की. खाली बारीक अक्षरात, 'सहाय्य' म्हनून. चालंल?"

नाव काढलं होतं तेव्हा तिला राग आला होता. सर ते परत द्यायला निघाले तेव्हा शिसारी आली. ज्या हाताने पुसलं त्याच ओल्या हाताने ते पुन्हा लिहायला निघाले होते, आणि वर आपण उपकार करतोय असं त्यांना खरोखर वाटत होतं. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून ती जिना उतरली. मैमूना दारात उभी होती. तिच्या घरी तिच्याच पगारावर सगळं होतं. बेबीनंदाने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "तू राहा. तुझ्यावर माझा राग न्हाई."

तिने गप्प बसायचं मात्र ठरवलं नाही. परवाना मराठीत उतरवून काढला, त्याच्या प्रती केल्या, मूळ एडिटर फ्लॉप्यांवर भरला आणि भोकरदनच्या शाखेबाहेर सुटीच्या वेळी जाऊन उभी राहिली. "हा तोच आहे. फुकट आहे. तुमचे नऊशे रुपये परत मागा." मुलांनी फ्लॉप्या घेतल्या, कागद खिशात घातले. पैसे कुणी मागितले नाहीत. ज्या मुलीने तिला फीचं सांगितलं होतं ती खाली बघत म्हणाली, "सर्टिफिकेट सरांच्या हातात आहे मॅडम." दुसऱ्या दिवशी त्याच कागदांचे बोळे रस्त्याच्या कडेला पडलेले होते. तिला त्या मुलांची कीव यायला हवी होती. ती आली नाही, नुसता वीट आला.

नॉर्वेच्या शिक्षकाला तिने सगळं कळवलं. त्याने लिहिलं, असं याआधी तीन देशांत झालंय, एवढ्या लांबून मी काही करू शकत नाही, तू आम्हाला हवी आहेस. तातेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पन पोरी, फुकटच व्हतं ना? मंग तुजं गेलं काय?" हा प्रश्न धर्मराज सरांच्या तोंडून आला असता तर तिने उत्तर दिलं असतं. बापासमोरून ती घागर उचलून विहिरीवर पाण्याला गेली.

सहा महिने घरी काढल्यावर जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत तिला प्रोग्रामरचं काम मिळालं. मालकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "एडिटर विकत घेऊ, का ते तुझं फुकटवालं चालंल?" तिने पंधरा दिवस दोन्ही वापरून बघितले. फुकटचा रोजच्या कामाला पुरेसा होता. पण कंपनीचा जुना साठ्याचा प्रोग्राम उघडायचा तर विकतचाच लागत होता. "एक विकतचा घ्या, बिलासकट. बाकी चारांवर फुकटचा चालेल," तिने सांगितलं. मालक म्हणाले, नंबर मिळतो म्हणतात नेटवर. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चेकबुक काढलं.

धर्मराज सरांचं मात्र काही बिघडलं नाही. दोन हजार पाचपर्यंत त्यांच्या सात शाखा झाल्या. टाउन हॉलमध्ये सत्कार झाला, त्यात त्यांच्या "स्वदेशी एडिटर"चं कौतुक करणारी भाषणं झाली. मैमूनाने तोपर्यंत ते सेंटर सोडलं होतं. वर्तमानपत्रातला सत्काराचा फोटो तिने बेबीनंदाला दाखवला. बेबीनंदाने तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, रद्दी कागद ठेवायच्या ड्रॉवरकडे बघितलं, तिथेही तो ठेवावासा वाटेना, म्हणून परत मैमूनाला दिला.

कंपनीत नोकरीसाठी अर्ज येतात, ते आता बेबीनंदाच बघते. निम्म्यांवर सरांच्या सेंटरचा शिक्का असतो आणि कौशल्यांच्या यादीत "धर्मराज एडिटर, प्रावीण्य" असं लिहिलेलं असतं. बेबीनंदा त्यांना परत पाठवत नाही. तो कुणी बनवला, हेही विचारत नाही. विचारलं की काय ऐकावं लागेल ते तिला माहीत आहे. ती मशीन बंद करते, उमेदवारासमोर कोरा कागद आणि पेन सरकवते आणि म्हणते, "ह्याच्यावर प्रोग्राम लिहून दाखवा. वीस मिनिटं आहेत."