फेरनिविदा

वीज कंपनीच्या खरेदी विभागात मी कारकून होतो. एका सकाळी लाइनमन कदमांनी आपला रबरी हातमोजा माझ्यासमोर खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्यापाशी भोक होतं, त्यातून आभाळ दिसत होतं.

"नवे कधी येणार, भाऊसाहेब?"

"निविदा तिघांनी भरायला हवी होती, दोघांनीच भरली. आता फेरनिविदा."

सांगताना माझीच मला चीड आली. खरेदीत चोरी होऊ नये म्हणून इतके नियम केले, पण विजेची भीती त्यात कुणी धरलीच नव्हती. दुपारी मी बाजारातून स्वतःच एक जोड आणला. कदमांनी तो हातात घेतला, पण घातला नाही.

"खांबावर आम्ही सगळेच चढतो, भाऊसाहेब. बाकीच्यांना काय सांगू?"