दुसऱ्या फेरीचे भाऊ

संशोधनासाठी भाऊ कोणाच्याही घरी दोनदा जात. पहिल्यांदा विचारायला आणि दुसऱ्यांदा, लिहून घेतलेलं त्याच माणसाला वाचून दाखवायला. विद्यापीठाच्या कुठल्याही नियमात ही दुसरी फेरी नव्हती. आम्ही बाकीचे पहिलीच फेरी कशीबशी उरकत असू. म्हणून वाशीमच्या आमच्या संशोधन केंद्रात त्यांना 'दुसऱ्या फेरीचे भाऊ' म्हणत. ते ऐकून तेही हसायचे.

भाऊ इंझोरीचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचे. त्यांचा विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची शाळा. माझा विषय शेजारचाच, त्यामुळे किन्हीराजाकडच्या वस्त्यांवर आम्ही एकाच मोटारसायकलवर जायचो. एकदा ते एका बाईला तिचा फॉर्म वाचून दाखवत होते. 'मुलं दोन' म्हणताच तिनं थांबवलं. "तीन लिवा. एक गेलं, थे बी माहंच व्हय." भाऊंनी खोडून तीन केलं. परतताना मी म्हटलं, "भाऊ, गेलेलं पोर शाळेच्या तक्त्यात कुठं बसवणार?"

"मंग त्या बाईले काय सांगू? तुह्या पोरासाठी रकाना नाई मनून?"

माझ्या प्रबंधाचे निम्मे फॉर्म मी खोलीवर बसून भरले होते, चार वेगवेगळ्या पेनांनी. अक्षर वेगळं दिसावं म्हणून डाव्या हातानंही काही. असं बहुतेकजण करतात. मला पदवी मिळाली, पाठोपाठ कायम नोकरीही लागली.

भाऊंची मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. प्रबंध टाइप होऊन तयार, मार्गदर्शक सही करायला राजी. पण तीसेक घरांची दुसरी फेरी बाकी, आणि ती माणसं होळीपर्यंत कारखान्यावर. शेवटची तारीख त्याआधीची होती. पदवी हातात असती तर भाऊंची तासिका सुटली असती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी हात जोडले. "वाचून दाखवलं असं समजा आणि देऊन टाका ना भाऊ!"

"मले दिसत नाई का बे, हातचं जाऊन राह्यलं थे? पण सांगतलं त्याइनं अन् सही माही हाय. त्याइले न इचारता कायले देऊ?"

तारीख गेली, नोंदणी रद्द झाली. मी त्यांच्यावर चिडलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ते बरोबर असतील तर मी कोण, असं वाटायचं.

होळीनंतर माणसं परतली आणि भाऊ फॉर्म घेऊन वस्त्यांवर जाऊ लागले. आता कशासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "येतो मनून सांगतलं होतं." महिन्याभरात एका दुपारी वर्गावर जाताना कॉलेजच्या पायरीवर त्यांना झटका आला आणि तिथंच सगळं संपलं. फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. गठ्ठ्यात सतरा उरले होते, ते तपासून मग निघालो. मला रडू आलं नाही. आजतागायत आलेलं नाही. लोकांना वाटतं, सर फार धीराचे आहेत.

तेराव्यानंतर वहिनींनी पिशवी दिली. "तुमच्या कामाचं असन तं पाहा." आत न वाचलेले चार फॉर्म होते. एका रविवारी मी ते घेऊन गेलो. तीन घरं झाली. चौथ्या घरी एका म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "बरोबर हाय," म्हणाली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी बी आलते ना सर, त्याइच्या संगं? तुमचं कवा वाचून दाखोता?"

"आणतो," मी म्हटलं.

त्या घराचा फॉर्म माझ्या प्रबंधात आहे. भाऊंबरोबर गेलो त्या दिवशी मी म्हातारीच्या दारात चहा पिऊन निघालो होतो. घरात माणसं किती, हेसुद्धा विचारलं नव्हतं.