गुळाची शर्यत

थोरलीच्या लग्नात माझी सगळी कामं वेळेवर उरकली होती. अडलं ते पानक. कल्याणचं वऱ्हाड ठाण्याच्या स्टेशनात उतरलं होतं, आणि इथे विहिरीच्या गार पाण्यात गुळाची ढेकळं तशीच पडून! विहीणबाई आता जन्मभर नावं ठेवणार.

तेवढ्यात एक ठेंगण्या बाई पदर खोचत पुढे आल्या. "अगं, अख्खा गूळ बुडवून बघत काय बसलीस? त्याला काय मोक्ष मिळायचाय?"

त्यांनी तीन वाट्या मांडल्या. एकीत गार पाणी आणि अख्खा खडा, दुसरीत गार पाण्यात तेवढाच गूळ कुटून, तिसरीत कुटलेला गूळ आणि कोमट पाणी. "हं, म्हणा जात्यावरच्या ओव्या! बघू, कितव्या ओवीला कोण विरघळतो!"

आम्ही सगळ्या गाऊ लागलो. दुसरी ओवी संपायच्या आत तिसरी वाटी जिंकली! मग कुणी बत्ता उचलला, कुणी पाणी तापवलं. बाई गात गात रवी फिरवत होत्या. गूळ विरघळल्यावर वरून गार पाणी ओतलं.

विहीणबाईंनी पेला संपवला, तळ निरखला आणि दुसरा मागितला. मग हळूच म्हणाल्या, "त्या पेले वाटणाऱ्या ठेंगण्या बाई तुमच्या कोण?"

"अहो, मी तर त्यांना तुमच्याकडच्या, आधीच पुढे आलेल्या समजत होते!"

लग्नघरात दोन विहिणी एकत्र इतक्या हसलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.