चिलापीचं तळं

आई गेली आणि महिन्याभरात मी अण्णांना उजनीकाठच्या घरातून शारजाला आणलं. अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म धरणाच्या पाण्यात होडी घालून मासे धरण्यात गेलेला. इथं आल्यापासून ते जेवेनात. चहात बुडवलेलं बिस्किट, झालंच तर दोन घास भात. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पुरता हबकलो.

मी पापलेट आणलं, सुरमई आणली. अण्णांनी ताट सरकवलं. समुद्राच्या मासळीला कसली चव, म्हणाले. त्यांना चिलापी हवी होती, गोड्या पाण्यातली मासळी. इथल्या रोल्ला भागातल्या दुकानात ती मिळते, पण बर्फातली, डोळे पांढरे झालेली. ती त्यांनी नुसती हुंगून परत दिली.

मग मी जिवंत चिलापीसाठी हट्टाला पेटलो. ऑफिसात बसून नकाशावर निळे ठिपके शोधायचे आणि सुट्टी आली की अण्णांना गाडीत घालून निघायचं. पहिलं तळं वाळवंटात होतं. बदकं, हरणं, सगळा थाट; पण काठावरची पाटी वाचून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, फिशिंग इज नॉट अलाउड." दुसऱ्या तळ्यात मासे दिसत होते, पण ते शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडलेलं निघालं. तिसरं डोंगरातलं धरण, तिथलं पाणी कुंपणाआडूनच बघून परतलो. गाडीतून उतरवताना अण्णांचा दंड हाताला दर वेळी आणखी बारीक लागायचा. मला त्यांचा रागही यायचा. बायको म्हणाली, पुरे करा हे तळ्यांचं वेड. मी तिच्यावरच खेकसलो.

शेवटी एका शेतावरचं तळं सापडलं. पैसे भरा, गळ टाका, मासा घरी न्या. त्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. राखणदार पठाणानं अण्णांच्या हातात गळाची काठी दिली आणि म्हणाला, "यल्ला चाचा, चलो, डालो." अण्णांनी गळाला कणकेची गोळी लावली. थोड्या वेळानं चांगली वीतभर चिलापी वर आली. मला रडूच फुटलं. अण्णांनी तिच्या कल्ल्यात बोट घातलं आणि सवयीनं मागे वळून ती द्यायला हात पुढे केला. मागे नुसती वाळू होती.

"आता ही साफ कुणी करायची?" ते म्हणाले.

जन्मभर त्यांनी धरलं आणि आईनं विळीवर कापलं. मी करतो, म्हणालो. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या अंगाला मासळीचा वास नको म्हणून आईनं मला कधी विळीजवळ बसूच दिलं नव्हतं.

परत येताना मी त्यांना विनवत होतो, आज तरी चार घास खा. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मला घरी सोड."

"तिथं आता आहे कोण, अण्णा?"

"तिची विळी हाय," ते म्हणाले.

पुढचा रस्ता मला नीट दिसेना. मी गाडी चालवत राहिलो.