संतरामचं बेणं

हट्टा गावात हळदीचं बेणं निवडायचं म्हटलं की संतरामला बोलावणं जायचं. उन्हाळ्यात सावलीला ढीग पसरलेला असायचा. हा मांडी घालून बसणार, जेठा, म्हणजे मधला थोराड गड्डा उचलणार, अंगठ्यानं दाबणार, हुंगणार आणि जरा शंका आली की विळ्यानं मधोमध कापणार. आत पिवळाधमक निघाला तर ढिगात, करडा निघाला तर बांधापलीकडं. "वरून सगळेच शहाणे दिसतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षांत त्यानं निवडलेलं बेणं कधी सडलं न्हाई, असं तो स्वतःच सांगायचा, म्हणजे खरंच असणार.

एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण लोक त्याला सोयरिकीतही विचारू लागले, आणि तो माणसंही हुंगू लागला. गल्लीतल्या जनकाबाईच्या पुनमची सुपारी फुटणार होती. पोरीची आजी आणि मावशी दोघी छातीच्या गाठीनं गेल्या, एवढं याच्या कानावर आलं. भर बैठकीत म्हणाला, "गड्डा चांगला हाय, पण वाणात सड हाय." माणसं हसली, सोयरीक मोडली. पुनमला पुढं दोन लेकरांच्या बिजवराला दिली. संतरामच्या हिशेबी त्या दोन लेकरांचं तरी भलं झालं.

मग त्याची लघवी अडू लागली. वर्षभर त्यानं बार्लीचं पाणी पिऊन वय झाल्याचं सोंग केलं. कंबर धरली तेव्हा मुलगी कोमल त्याला नांदेडला घेऊन गेली. मुलगा बालाजी पुण्याला कंपनीत, तो फोनवर हात जोडलेली चित्रं पाठवायचा. दवाखान्यात सुईनं तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो खुब्याच्या हाडात उतरलेला.

त्या दवाखान्यात एक संशोधन चालू होतं. हीच गाठ एकाच्या अंगात वीस वर्षं झोपून राहते आणि दुसऱ्याच्या दोन वर्षांत हाडात जाते, हे कशानं होतं, ते गाठीतल्या आणि रक्तातल्या जनुकांवरून शोधायचं. संतरामनं सही केली. कागदावर त्याच्या रक्ताला 'नमुना' म्हटलेलं होतं. गाव आयुष्यभर नमुना म्हणत आलं, आता छापून आलं, असं तो येताना एसटीत सगळ्यांना सांगत होता.

चार महिन्यांनी निकाल आला. कोमल औषधाच्या रांगेत होती, तेवढ्यात संशोधनातल्या मॅडमनी त्याला आत बसवलं आणि सोपं करून सांगितलं. पेशीत रोज तुटफूट होते, ती सांधणारा एक जनुक असतो. तुमचा जन्मापासूनच बिघडलेला आहे, म्हणून गाठ अशी धावली. हा बिघाड लेकरांत उतरू शकतो, निम्मी शक्यता. मुलाला पुढं हाच आजार, मुलीला छातीचा न्हाईतर अंडाशयाचा. आधी कळलं तर वेळेवर तपासण्या करून जीव वाचवता येतो. आमी तुमच्या लेकरांचं रक्त फुकट तपासू.

संतरामला सगळं समजलं. बेण्याची गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागत नसे. कोमलची सुपारी वारंगा फाट्याच्या टायरवाल्यांकडं फुटून पंधरा दिवस झाले होते.

मॅडमनी पेन उघडलं आणि विचारलं, "मुलं किती?"

"एकच पोरगा," संतराम म्हणाला.

"आणि बाहेर ती?"

"पुतणी हाय. लई जीव लावते."

मॅडमनी घराण्याचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. संतरामच्या चौकोनाखाली एकच चौकोन आला.

बालाजीचं रक्त पुण्यातच घेतलं. निकाल साफ आला. संतरामनं गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं न्हाई. जनकाबाईनं पेढा घेतला आणि तोंडात न टाकता पदराला बांधला.

लग्नाला आठ दिवस राहिले होते. संतराम अंगणात घरचं बेणं निवडून राहिला होता. कोमल फाईल घेऊन समोर येऊन बसली. पुढच्या तारखेसाठी फाईल चाळताना तिला तो नकाशा सापडला होता. खाली नंबर होता, त्यावर तिनं फोन लावला होता.

"मॅडम म्हणल्या, त्यांना मुलगी न्हाई अशी नोंद हाय," ती म्हणाली. "मी कोण हाय मग, अण्णा?"

संतरामनं गड्डा दाबला, ढिगात टाकला.

तिनं आवाज चढवला न्हाई. मॅडमचं म्हणणं होतं की वडलांनी येऊन नोंद दुरुस्त केली तर तिचंही रक्त तपासता येईल. उद्या जाऊन येऊ, एका दिवसाचं काम हाय, असं ती म्हणाली. सुपारी फुटलीय, फाट्यावर कुणकुण लागली तर मांडव उभा राहणार न्हाई, असं त्यानं गड्ड्यांकडं बघत सांगितलं. मग जरा मायेनं म्हणाला, लग्न होऊ दे, पुढचं त्यांचं ते बघतील.

"पुनमताईच्या टायमाला तर तुमी लई सांगत व्हता."

त्याला खुब्यात कळ आली, न्हाईतर आल्यासारखं त्यानं केलं. कोमलनं ढिगातून एक गड्डा उचलला. बुडाशी बोटभर मऊ डाग होता. तो तिनं त्याच्या हातात ठेवला आणि विळा पुढं सरकवला.

"कापून बघा."

संतरामनं गड्डा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं हुंगलाही. मग विळा उचलून मांडीखाली सारला आणि गड्डा ढिगात टाकला.

"वरून चांगला हाय," तो म्हणाला.

आठव्या दिवशी कोमलला हळद लागली. त्याच आठवड्यात त्या ढिगातली रानातही लागली.