मोह कधी पडणार?

गडचिरोलीच्या बसस्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा आमचे दसरूभाऊ खिडकीखाली येऊन उभे राहिले. ते गावचे गायता (गावपुजारी). जागतिक हवामान परिषदेला आमच्याकडून कुणी पहिल्यांदाच निघालं होतं, तेही माझ्यासारखी, नुकतंच कॉलेज संपवलेली पोरगी. त्यांनी जुन्या साठ्यातल्या वाळल्या मोहफुलांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली.

"तिथी मोठमोठे जाणकार येतीन. त्यायले एकच इचारजो, पुढच्या साली मोह कधी पडन?"

त्यांना चेष्टा सुचत नव्हती. आमच्या गावात पूजा झाल्याशिवाय नवा मोह कुणी वेचत नाही, आणि पूजेचा दिवस गायता चंद्र पाहून ठरवतो. गेल्या उन्हाळ्यात फुलं आधीच पडली. सारं गाव पूजेची वाट बघत बसलं, त्यात अवकाळी पाऊस आला आणि वर्षाचा मोह झाडाखाली कुजला. पुन्हा तसं झालं तर खायचं काय?

नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्याने पुरचुंडी हुंगली. "दारू आहे का?"

"फुलं आहेत साहेब. दारूला चूल लागते, ती घरी राहिली."

मेला हसलासुद्धा नाही, पण सोडलं.

परिषदेत माझ्या गळ्यात निरीक्षकाचं ओळखपत्र होतं. म्हणजे मागे बसायचं, ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. एका शब्दावरून देशोदेशीच्या माणसांनी अख्खा दिवस वाद घातला. जेवायला अळणी उकडलेले बटाटे. अंबाडीच्या भाजीची अशी आठवण आली की काय सांगू!

शेवटी चहाच्या रांगेत हवामानाच्या एका अभ्यासक बाईंना गाठलं आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, एक मोहफूल चाखलं. मग म्हणाल्या, "एवढ्या लहान जागेचं आम्हाला नाही गं सांगता येत."

मला रडूच आलं. एवढ्या लांब येऊन हेच घेऊन परत जायचं?

परतताना चंद्रपूरला रेल्वेतून उतरले. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर चालूच होता. मूल गावावरून जाणारी गडचिरोलीची बस निघाली आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं. मोहाचं झाड दिसलं की मी मान फिरवायची.

दसरूभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. वहिनींनी चहा आणला.

"काय म्हनत होते?"

"त्यायले नाई मालूम, भाऊ."

"कोनालेच नाई?"

"कोनालेच नाई."

"मंग चंद्राले तरी कसं मालूम असन?" असं ते हळूच म्हणाले. "आता पयलं फूल पडन, त्याच दिवशी पूजा. माह्या बापाची माफी मी मांगतो. सकारी झाडाखाली जाऊन तू पाहात जाय, मले दिसत नाई."

तिकडे एका शब्दात दिवस गेला होता. इथे चहा निवायच्या आत एका म्हाताऱ्याने बापजाद्यांचा नियम सोडला. त्यांच्या बशीतला चहा मात्र सांडायला लागला, म्हणून बशी मी धरली.