खोडायच्या कळा

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही कामांच्या यादीची वेबसाइट बनवत होतो. शेजारच्या टेबलावरचा तो माऊसला हात लावत नसे. यादीत खाली जायला कीबोर्डवरची ‘जे’ची कळ, वर जायला ‘के’ची, हे त्यानं चहा पिता पिताच ठरवलं. काम खोडायला मात्र लांब लांबच्या दोन कळा एकदम दाबायच्या.

“एका बोटाचं काम हाय की ते,” साहेब वैतागले.

“म्हणून तर दोन्ही हात गुतवलेत,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, कळाही बदलल्या नाहीत.

एकदा त्याचे वडील गाडीची किल्ली द्यायला आले. उद्यमनगरात पत्रा कापायच्या प्रेसवर त्यांची हयात गेलेली. जुनं मशीन, एका बटणावर चालायचं; दुसरा हात पत्र्यापाशी मोकळाच. मी चहा दिला. कप त्यांनी डाव्या हातात घेतला. उजव्याला दोनच बोटं होती.